आधी मनाई, मग परवानगी : न्यायाधीश फ्रँक जॉन्सन आणि सेल्माचा मोर्चा

सोमवार, ८ मार्च १९६५. अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमरी. तिथल्या फेडरल कोर्टात नागरी हक्क चळवळीचे वकील तातडीची याचिका घेऊन हजर झाले. आदल्याच दिवशी सेल्मा गावाच्या वेशीवर, एडमंड पेटस पुलापाशी, मतदानाच्या हक्कासाठी मॉन्टगोमरीकडे निघालेल्या सुमारे सहाशे निःशस्त्र मोर्चेकऱ्यांना राज्य पोलिसांनी आणि शेरीफच्या (काउंटी म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या) घोडेस्वारांनी लाठ्यांनी झोडपून काढले होते. अश्रुधूर सोडला होता. जॉन लुइस या पंचवीस वर्षांच्या कार्यकर्त्याच्या कवटीला तडा गेला होता. त्या रात्री ही दृश्ये देशभर टीव्हीवर दिसली. मंगळवारी मार्टिन ल्यूथर किंग स्वतः मोर्चा घेऊन त्याच पुलावर जाणार होते. वकिलांची मागणी साधी होती: गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, राज्य पोलीसप्रमुख अल लिंगो आणि शेरीफ जिम क्लार्क यांनी या मोर्चाला हात लावू नये, असा हुकूम आजच्या आज द्या.

न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी तो दिला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय असा हुकूम देणार नाही, तोवर मोर्चा थांबवा, असे त्यांनी कळवले. चळवळीकडून होकार येईना, तेव्हा ९ मार्चला त्यांनी मोर्चावरच तात्पुरती मनाई घातली. मार रविवारी खाल्ला मोर्चेकऱ्यांनी आणि मंगळवारी मनाई आली तीही त्यांच्यावरच. चळवळीतले तरुण भडकले यात नवल नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी, १७ मार्चला, याच न्यायाधीशाने मोर्चाला परवानगी दिली. नुसती परवानगी नव्हे, तर राज्य सरकारने मोर्चाला संरक्षण द्यावे असेही बजावले. जॉन्सन यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण या दुसऱ्या हुकुमापासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला हुकूम नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचे वजन कळत नाही. न्यायाधीशाच्या हाताशी ना फौज असते ना तिजोरी. आपण दिलेला हुकूम पाळला जाईल, एवढ्या एका खात्रीवर त्याचे सगळे चालते. जॉन्सन यांनी आपल्या कारकिर्दीची पहिली दहा वर्षे ही खात्री निर्माण करण्यात घालवली. मार्च १९६५ मध्ये त्यांनी तीच पणाला लावली.

विन्स्टन काउंटीचा माणूस

फ्रँक मिनिस जॉन्सन यांचा जन्म १९१८ चा, उत्तर अलाबामातल्या डोंगराळ विन्स्टन काउंटीतला. या काउंटीचा इतिहास उरलेल्या राज्यापेक्षा वेगळा. जमीन हलकी, कापसाचे मोठे मळे नाहीत, त्यामुळे गुलाम ठेवणारे जमीनदारही फारसे नाहीत. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले, तेव्हा विन्स्टनच्या प्रतिनिधीने त्याला विरोध केला. ‘विन्स्टनचे स्वतंत्र राज्य’ ही तिथली लोककथा अजून सांगितली जाते. यादवी युद्धानंतर सगळा दक्षिण भाग डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेला. विन्स्टन लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी चिकटून राहिले.

नुसती स्थानिक गंमत म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. जॉन्सन न्यायाधीश झाले ते बरेचसे तिच्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत लढून, जखमी होऊन ते परतले आणि जॅस्पर गावी वकिली करू लागले. १९५२ मध्ये त्यांनी आयझेनहॉवर यांच्यासाठी माजी सैनिकांत प्रचार केला. आयझेनहॉवर अध्यक्ष झाले आणि अलाबामात सरकारी वकील म्हणून नेमायला रिपब्लिकन माणूस हवा झाला. असे वकील त्या राज्यात मोजकेच होते. जॉन्सन १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. कृष्णवर्णीय मजुरांना कर्जाच्या नावाखाली वेठीला धरणाऱ्या गोऱ्या शेतमालकांवर त्यांनी खटला चालवला आणि जिंकला. १९५५ च्या शरद ऋतूत अध्यक्षांनी त्यांना मॉन्टगोमरीच्या डिस्ट्रिक्ट कोर्टावर नेमले. वय सदतीस. फेडरल न्यायाधीशांत तेव्हा सर्वांत तरुण.

इथे व्यवस्थेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल, न्यायालये वेगळी. अलाबामात राज्याचे न्यायाधीश मते मागून निवडून येतात. फेडरल न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि मग तो आजन्म त्या पदावर राहू शकतो. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात, तशी वयाची अट तिथे नाही. महाभियोगाखेरीज काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. मतदारांना नको असलेला निकाल देण्याची ताकद त्याला इथून मिळते. पण राहायचे मात्र त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत.

बस, टस्कीगी आणि एक जुना सहाध्यायी

जॉन्सन यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये शपथ घेतली. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना मॉन्टगोमरीच्या बसमध्ये जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. बहिष्कार सुरू झाला. १ फेब्रुवारी १९५६ रोजी फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने ब्राउडर विरुद्ध गेल हा दावा लावला. बसमधील वर्णभेदाचा कायदाच घटनाबाह्य ठरवा, अशी मागणी होती. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सुसी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्विन आणि मेरी लुईस स्मिथ. शेवटच्या दोघी अजून विशीतही नव्हत्या.

राज्याच्या कायद्याला असे आव्हान दिले की त्या काळी तीन न्यायाधीशांचे खंडपीठ बसे. रिचर्ड राइव्ह्स आणि सीबर्न लिन हे दोघे ज्येष्ठ, जॉन्सन नवखे. प्रथेप्रमाणे कनिष्ठाने आधी मत सांगायचे. जॉन्सन यांनी सांगितले की राज्याने लादलेला वर्णभेद घटनेत बसत नाही. राइव्ह्स सहमत झाले, लिन यांनी विरोधी मत नोंदवले. लिन यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता: १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांपुरताच वर्णभेद रद्द केला आहे, वाहतुकीबद्दलचा जुना निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मोडलेला नाही, मग खालच्या न्यायालयाने तो मोडीत कसा काढायचा? ५ जून १९५६ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ डिसेंबरला मॉन्टगोमरीच्या बसमध्ये लोक कुठेही बसू लागले.

यावरून जॉन्सन म्हणजे चळवळीचा माणूस, असे कुणाला वाटले असेल तर दोन वर्षांत त्याचा भ्रम दूर झाला असता. टस्कीगी शहराची चौकोनी हद्द राज्य विधिमंडळाने बदलून अठ्ठावीस बाजूंची अशी काही वेडीवाकडी आखली की शहरातले सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा मात्र एकही गेला नाही. हेतू उघड होता. तरीही १९५८ मध्ये जॉन्सन यांनी दावा फेटाळला, कारण गावाची हद्द आखणे हे विधिमंडळाचे काम आणि त्यात न्यायालयाने पडू नये, असे तोवरचे निवाडे होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने उलटवला. मग जॉन्सन यांनीच तो हद्दबदल रद्द ठरवला.

माझ्या मते टस्कीगीच्या निकालात जॉन्सन चुकले. नकाशाकडे एकदा पाहिले असते तरी पुरे होते. पण त्यांची घडण या चुकीतून स्पष्ट दिसते. वरच्या न्यायालयाने दार उघडले असेल तर ते सरळ आत जात. दार बंद आहे असे वाटले तर स्वतःहून फोडत नसत.

त्याच सुमाराला जॉर्ज वॉलेस त्यांच्यासमोर आले. अलाबामा विद्यापीठात कायदा शिकताना दोघांची ओळख झालेली. वॉलेस तेव्हा राज्याचे निवडून आलेले न्यायाधीश होते आणि १९५८ ची गव्हर्नरपदाची निवडणूक नुकतेच हरले होते. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला मतदार नोंदणीची कागदपत्रे हवी होती, ती देणार नाही अशी त्यांनी जाहीर गर्जना केली. जॉन्सन यांनी ती द्यायचा हुकूम काढला. जॉन्सन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, वॉलेस एका रात्री गुपचूप त्यांच्या घरी आले आणि थोडीशीच शिक्षा करा अशी गळ घालू लागले. म्हणजे हुतात्मा झाल्यासारखेही दिसेल आणि फार दिवस तुरुंगात बसावेही लागणार नाही. जॉन्सन यांनी नकार दिला. शेवटी वॉलेस यांनी कागदपत्रे गाजावाजा न करता ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हाती दिली आणि तिथून ती आयोगाकडे पोहोचली. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून मोकळे केले, पण निकालात लिहून ठेवले की या गृहस्थांनी आडवाटेने का होईना, हुकूम पाळला आहे. तुरुंगापेक्षा हे वॉलेस यांना जास्त लागले असणार. पुढच्या निवडणुकीत मात्र त्यांनी आपण फेडरल न्यायाधीशाला कसे वाकवले याचीच भाषणे केली, जॉन्सन यांना खोटारडे म्हटले आणि १९६२ मध्ये ते गव्हर्नरपदी निवडून आले.

१९६१ चा मे महिना. कोर्टाच्या इमारतीला लागूनच असलेल्या ग्रेहाउंड बसस्थानकावर फ्रीडम रायडर्सना, म्हणजे वर्णभेद मोडण्यासाठी गोरे-काळे मिळून बसप्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांना, जमावाने बेदम मारले. मॉन्टगोमरीचे पोलीस वेळेवर आले नाहीत. त्यांना यायचे नव्हते. जॉन्सन यांनी क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या गटांना मनाई केली, पोलिसांना प्रवाशांचे रक्षण करण्याचा हुकूम दिला आणि त्याच दमात फ्रीडम राइड्सवरही काही दिवसांची बंदी घातली. प्रवाशांचा हक्क त्यांना मान्य होता. पण शहर पेटलेले असताना दोन्ही बाजूंना थांबवून मग हक्काचा फैसला करायचा, ही त्यांची पद्धत तिथेच ठरली.

नऊ मार्च ते सतरा मार्च

आता सेल्माकडे येऊ. सेल्मा डॅलस काउंटीत आहे. तिथे मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय नागरिक होते पंधरा हजारांच्या आसपास आणि मतदार यादीत नावे होती तीन-साडेतीनशेच. शेजारच्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य असून यादीत एकाचेही नाव नव्हते. नोंदणी कचेरी महिन्यातून ठरावीक दिवशीच उघडायची, रांगा मुद्दाम लांबवायच्या, घटनेतील कलमांवर अवघड प्रश्न विचारायचे आणि गोऱ्या माणसाला मात्र सही करून सोडायचे. फेब्रुवारीत जवळच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाने गोळी घातली. तो काही दिवसांनी मरण पावला. मोर्चाची कल्पना त्या मृत्यूतून निघाली.

मुळात डॅलस काउंटी जॉन्सन यांच्या हद्दीत येतच नव्हती. ती दक्षिण अलाबामाच्या फेडरल कोर्टाखाली होती आणि तिथले मतदारनोंदणीचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळले होते. पण मोर्चा जाणार होता मॉन्टगोमरीला, गव्हर्नर बसत होते मॉन्टगोमरीत. म्हणून फ्रेड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होझिया विल्यम्स, जॉन लुइस आणि अमेलिया बॉइन्टन यांच्या नावाने दावा जॉन्सन यांच्या कोर्टात लावला. ते मुद्दाम या न्यायाधीशाकडे आले आणि त्यानेच त्यांना थांबवले.

मंगळवारी किंग यांच्यापुढे पेच होता. मोर्चा काढावा तर फेडरल कोर्टाचा अवमान. आणि दक्षिणेत चळवळीच्या पाठीशी उभी राहणारी सरकारी संस्था म्हटली तर फेडरल कोर्टच. मोर्चा काढू नये तर देशभरातून आलेले पाद्री आणि संतापलेले तरुण हातातून जाणार. ते पुलापर्यंत गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि सगळ्यांना घेऊन परत फिरले. त्या रात्री बॉस्टनहून आलेले पाद्री जेम्स रीब यांना सेल्मात गोऱ्या गुंडांनी डोक्यात सोटा घालून जखमी केले. दोन दिवसांनी ते गेले.

रीब यांच्या मृत्यूचा दोष जॉन्सन यांच्या मनाईवर टाकणारे तेव्हाही होते. मला तो पटत नाही. मात्र न्यायालयीन शिस्तीची किंमत कुणीतरी चुकवते आणि बहुतेक वेळा ती न्यायाधीश चुकवत नाही, एवढे मान्य करायलाच हवे.

११ मार्चला सुनावणी सुरू झाली. किंग साक्षीला उभे राहिले तेव्हा जॉन्सन यांनी स्वतः त्यांना विचारले की मंगळवारी तुम्ही माझा हुकूम मोडलात का. पूल ओलांडून पुढे मॉन्टगोमरीकडे जाण्याचा इरादा नव्हता, असे किंग यांनी सांगितले. त्यांच्यावर अवमानाची कारवाई झाली नाही. मग रविवारच्या हल्ल्याची चित्रफीत कोर्टात दाखवली गेली. ती संपल्यावर न्यायाधीशांनी कामकाज थोडा वेळ थांबवले आणि उठून आत गेले. राज्याच्या वकिलांकडे हल्ल्याचे समर्थन करायला फारसे काही नव्हते. महामार्ग अडेल, अपघात होतील, एवढ्यावरच त्यांचा भर होता.

जॉन्सन यांनी वादींकडून मोर्चाची संपूर्ण योजना लेखी मागितली. किती माणसे, कुठल्या दिवशी कुठवर, रात्री मुक्काम कुणाच्या शेतात, जेवण, पाणी, आजारी पडणाऱ्यांची सोय. निकाल वाचताना लक्षात येते की ही योजना निकालाच्या बाजूला जोडलेले पुरवणीपत्र नाही. निकालाचा पाया तीच आहे. सेल्मा ते मॉन्टगोमरी हा अमेरिकेचा ८० क्रमांकाचा महामार्ग सुमारे ५४ मैलांचा, म्हणजे ८७ किलोमीटरच्या घरात. चौपदरी रस्त्यावर कितीही माणसांनी चालावे. लाउंड्स काउंटीतल्या दुपदरी रस्त्यावर तीनशेहून अधिक नकोत. वाहतूक अडेल हा राज्याचा आक्षेप या एका आकड्याने निकालात काढला.

निकालाचे सूत्र असे आहे: शांततेने जमण्याचा आणि रस्त्यावरून चालण्याचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागायची आहे तो अन्याय किती मोठा यावरून ठरावे. इथला अन्याय प्रचंड आहे. म्हणून हक्कही त्या मापाने मोठा.

वाचताना हे सूत्र न्याय्य वाटते. सेल्मात ते न्याय्यच होते. पाच दिवस महामार्ग व्यापण्याचा हक्क एरवी कुठल्याही न्यायालयाने दिला नसता. पण सामान्य नियम म्हणून ते धोक्याचे आहे. अन्याय मोठा की लहान हे कोण ठरवणार? न्यायाधीश. म्हणजे ज्याची तक्रार न्यायाधीशाला पटेल त्याला रस्ता मोकळा आणि ज्याची पटणार नाही त्याला गल्ली. अमेरिकेच्या घटनेतील भाषणस्वातंत्र्याची उरलेली सगळी परंपरा याच्या उलट आहे: सरकारने, न्यायालयानेही, मजकुराची तुलना करू नये. म्हणूनच या निकालाचा गौरव सगळे करतात, पण त्या सूत्रावर पुढे फारशी इमारत उभी राहिली नाही. जॉन्सन यांना हे कळत नव्हते असे वाटत नाही. समोर नोंदणीचे आकडे होते, साक्षी होत्या, चित्रफीत होती. त्या पुराव्याला पुरेल एवढाच उपाय त्यांनी शोधला.

निकाल देण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ती त्यांनीच पुढे सांगितली आहे. अ‍ॅटर्नी जनरल निकोलस कॅटझेनबाख यांना त्यांनी विचारले की मी हुकूम दिला तर केंद्र सरकार तो अमलात आणेल का. आणि नुसता अ‍ॅटर्नी जनरलचा शब्द पुरणार नाही, राष्ट्राध्यक्षांचा हवा. लिंडन जॉन्सन यांचा होकार आल्यावरच १७ मार्चला सही झाली. निकालापूर्वी सरकारशी असे बोलणे न्यायाधीशाला शोभते का, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: सरकारला काय हवे ते विचारून निकाल बदलला असता तर अक्षम्य होते, पण जो हुकूम पाळला जाणार नाही तो देऊन हजारो माणसांना पुन्हा त्या पुलावर पाठवणे याहून वाईट झाले असते.

वॉलेस यांनी अपील केले, स्थगिती मिळाली नाही. मग त्यांनी वॉशिंग्टनला कळवले की संरक्षणाचा खर्च राज्याला झेपत नाही. राष्ट्राध्यक्षांनी अलाबामाचे नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैन्य, केंद्राच्या हाताखाली घेतले. रविवारी २१ मार्चला मोर्चा निघाला आणि २५ तारखेला सुमारे पंचवीस हजार लोक मॉन्टगोमरीच्या राज्य कॅपिटॉलसमोर उभे होते. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

२५ मार्चच्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो यांना लाउंड्स काउंटीत क्लॅनच्या लोकांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात आधी ज्युरीचे एकमत झाले नाही, मग दुसऱ्या ज्युरीने आरोपीला सोडून दिले. डिसेंबरमध्ये तिघांवर नागरी हक्क हिरावण्याच्या कटाबद्दलच्या १८७० सालच्या फेडरल कायद्याखाली जॉन्सन यांच्यापुढे खटला चालला. इथेही ज्युरी सगळी गोऱ्या पुरुषांची. एकमत होत नाही म्हणून ते परत आले, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा विचार करायला आत पाठवले. त्यांनी तिघांनाही दोषी ठरवले. कायद्यात होती तेवढी, दहा वर्षांची शिक्षा जॉन्सन यांनी दिली.

शौचालयामागे आठ रुग्ण

सेल्माची योजना मागताना जी नजर होती, तीच पुढे इस्पितळे आणि तुरुंगांकडे वळली. जॉन्सन यांच्या कारकिर्दीचा हा भाग कमी प्रसिद्ध आहे. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९७० मध्ये सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयातून शंभराच्या आसपास कर्मचारी काढले गेले. दावा लागला तो मुळात नोकरीचा. पण वकिलांनी एका किशोरवयीन रुग्णालाही वादी केले आणि प्रश्न फिरला: ज्याला इच्छेविरुद्ध इस्पितळात डांबले, त्याला उपचार मिळण्याचा हक्क आहे की नाही? वायट विरुद्ध स्टिकनी या खटल्यात मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी सांगितले की आहे, आणि तो घटनेने दिलेला आहे. उपचार करायचा म्हणून कोंडले आणि उपचारच केला नाही, तर उरते ती निव्वळ कैद. ब्राइसमध्ये तेव्हा पाच हजार माणसे होती. त्यांतल्या कित्येकांना मानसिक आजारच नव्हता, ती फक्त म्हातारी आणि नकोशी झालेली होती.

राज्याला सहा महिने दिले. काही झाले नाही. एप्रिल १९७२ मध्ये किमान निकषांची यादी हुकुमातच आली. आठ रुग्णांमागे एक शौचालय. पंधरांमागे एक न्हाणी. एका खोलीत सहापेक्षा जास्त नकोत. खोलीचे तापमान ६८ ते ८३ अंश फॅरनहाइट. अडीचशे रुग्णांमागे किती डॉक्टर, किती परिचारिका. देखरेखीला मानवाधिकार समिती.

न्यायाधीश होऊन शौचालये मोजता, अशी टीका झाली. वॉलेस तर म्हणतच होते की राज्य मी चालवतो की जॉन्सन. पण निकष मोजता येण्याजोगे नसतील तर पाळले की नाही हे कसे ठरवणार? ‘योग्य सोयी पुरवा’ असा हुकूम कुठल्याही खात्याला निवांतपणे फाइलीत ठेवता येतो. जनहित याचिकांत समित्या आणि अहवाल पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे लगेच पटेल. १९८३ मध्ये शीला बर्से यांच्या पत्रावरून मुंबईतल्या महिला बंदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्देशही असेच तपशिलात उतरलेले होते.

जानेवारी १९७६ मध्ये तुरुंगांची पाळी आली. पुराव्यात दिसले की एकांतवासाच्या चार फूट बाय आठ फुटांच्या कोठडीत सहा-सहा कैदी कोंबले जात. खाट नाही, दिवा नाही, पाणी नाही, जमिनीत एक भोक. खटला चालू असतानाच राज्याच्या वकिलांनी कबूल केले की हे घटनेत बसत नाही. पुन्हा निकषांची यादी निघाली. तीन वर्षांनंतरही पुरेसे पाळले गेले नाहीत, तेव्हा १९७९ मध्ये जॉन्सन यांनी तुरुंगखाते रिसीव्हरच्या, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या, ताब्यात दिले आणि रिसीव्हर म्हणून नेमले नवे गव्हर्नर फोब जेम्स यांनाच. वॉलेस यांच्याशी वीस वर्षे झुंजल्यावर सुचलेली ही युक्ती: जबाबदारी टाळणाऱ्याच्या खुर्चीलाच ती बांधून टाकायची.

या सगळ्याची किंमत घरापर्यंत आली. अंगणात क्रॉस जाळला गेला, धमक्यांची पत्रे नेहमीची झाली, मार्शल वर्षानुवर्षे पहाऱ्यावर राहिले. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला; त्या बचावल्या. बसच्या निकालातले सहकारी राइव्ह्स यांच्या मुलाच्या कबरीवर लोकांनी कचरा टाकला होता.

उरलेली कारकीर्द थोडक्यात. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे प्रमुखपद देऊ केले, प्रकृतीमुळे ते हुकले. १९७९ मध्ये ते अपील कोर्टावर गेले. १९८५ मध्ये जॉर्जियातील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्धचा निकाल त्यांनीच लिहिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चारने उलटवला आणि २००३ मध्ये आपलाच तो निर्णय चूक होता असे म्हटले. तोवर जॉन्सन हयात नव्हते. २३ जुलै १९९९ रोजी ते गेले.

डिस्ट्रिक्ट कोर्टातल्या त्यांच्या जागेवर १९८० मध्ये मायरन थॉम्पसन हे कृष्णवर्णीय न्यायाधीश आले. वायट खटला त्यांच्याकडे गेला आणि तेहतीस वर्षे चालून २००३ च्या डिसेंबरात मिटला. मोठी इस्पितळे ओसरली, रुग्ण गावोगावच्या छोट्या केंद्रांकडे गेले, देशभरच्या कायद्यांनी ते निकष उचलले. तुरुंगांचे तसे झाले नाही. ऐंशीचे दशक संपता संपता त्यांच्यावरची न्यायालयीन देखरेख उठली, पुढे शिक्षा लांबल्या, कैदी वाढले, विधिमंडळाने पैसे दिले नाहीत. २०१९ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने अलाबामाच्या पुरुषांच्या तुरुंगांतील स्थिती घटनाबाह्य असल्याचा अहवाल दिला आणि २०२० मध्ये राज्यावर नव्याने दावा लावला. त्या दाव्यातले मुद्दे, गर्दी, हिंसा, अपुरे कर्मचारी, जॉन्सन यांच्या १९७६ च्या निकालात सगळे आहेत.